चाळिशीच्या उंबरठ्यावर पहिली मानांकन स्पर्धा

परभणीतील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी काम करते. दर रविवारी सकाळी वाचनकक्षात सहा पट मांडून आम्ही काही जण बुद्धिबळ खेळतो. त्यात दोन निवृत्त शिक्षक आहेत, एक औषधविक्रेते आहेत आणि शाळकरी मुले बरीच आहेत. मे २०२५ मध्ये मी नांदेडला माझी पहिली मानांकन स्पर्धा खेळले, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघ (फिडे) जिच्या निकालांवरून खेळाडूच्या ताकदीचा आकडा, त्याचे मानांकन, ठरवतो अशी स्पर्धा. कागदपत्रे जमवण्यापासून पंचांना टेबलाजवळ बोलावण्यापर्यंत कितीतरी गोष्टी मला ठाऊक नव्हत्या, आणि वयाने मोठ्या माणसाने त्या विचारायच्या तरी कोणाला, हा संकोच होता. ज्यांना असाच संकोच वाटतो त्यांच्यासाठी हे क्रमवार लिहीत आहे.

खेळ मला आजोबांनी शिकवला. जिंतूर तालुक्यातील आमच्या गावी, माळवदाच्या घरातील ओसरीवर ते देशी पद्धतीने खेळत. त्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाई, राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणारा किल्लेकोट नसे, आणि राजाला शह बसलेला नसेल तोवर एकदा घोड्याची उडी घेता येई. त्यामुळे आंतरराष्ट्रीय नियम मला मोठेपणी नव्याने शिकावे लागले. क्लबात मी बऱ्यापैकी जिंकत असे, पण तिथे चाल परत घेण्याची मुभा होती, घड्याळ क्वचितच लावले जाई आणि डाव लिहून ठेवण्याची सवय कोणालाच नव्हती. या तिन्ही गोष्टी पुढे मला जड गेल्या.

१२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरला डी. गुकेश जगज्जेता झाला. त्या आठवड्यातील रविवारी आम्ही त्याचा डिंग लिरेनविरुद्धचा चौदावा डाव पटावर मांडून पाहिला. डिंगकडे एक प्यादे कमी होते, तरी डाव बरोबरीत राखण्यासारखा होता. पंचावन्नाव्या चालीला त्याने हत्ती एफ २ या घरात नेला (पटाच्या उभ्या ओळींना ए ते एच अक्षरे आणि आडव्या ओळींना १ ते ८ आकडे असतात) आणि मोहऱ्यांची अदलाबदल होऊन तो शेवट, म्हणजे मोजके मोहरे उरलेला डावाचा अखेरचा टप्पा, हरण्याचा झाला. जगज्जेतेपदाचा निकाल एका प्याद्याच्या शेवटावर लागतो, हे पाहिल्यावर मी सुरुवातीच्या चाली पाठ करणे थांबवले आणि रोज रात्री अर्धा तास फक्त हत्ती-प्याद्याचे शेवट करू लागले. स्पर्धा खेळायचे मनाने घेतले ते त्याच दिवसांत.

जानेवारीत अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाच्या संकेतस्थळावर खेळाडू म्हणून नोंदणीचा अर्ज भरला. फिडेचा ओळख क्रमांक महासंघामार्फतच मिळतो, त्यामुळे सुरुवात इथूनच करावी लागते. छायाचित्र, आधार आणि जन्माचा दाखला मी जोडला होता. अडचण माझ्याच कागदांत निघाली. जन्माच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे. मधले नाव वेगळे, आडनाव वेगळे. दोन्ही कागद एकाच बाईचे आहेत हे दाखवणारा तिसरा कागद हवा होता. अर्ज दुरुस्तीसाठी परत आला तेव्हा मी विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र शोधले, तर आमच्या लग्नाची नोंदच झालेली नव्हती. लग्न सासरच्या गावी झाले होते, म्हणून ती नोंद तिथल्या ग्रामसेवकांकडे करायची होती. लग्नपत्रिका, दोघांचे फोटो, तीन साक्षीदारांच्या ओळखपत्रांच्या प्रती, असे सगळे घेऊन दोन शनिवार गेले. प्रमाणपत्र हाती आले तेव्हा फेब्रुवारीचा शेवट होता. ते जोडून अर्ज पुन्हा पाठवला आणि मार्चच्या मध्यास माझा क्रमांक आला. विवाहित स्त्रियांनी स्पर्धेची जाहिरात पाहण्याआधी हा एक कागद तयार ठेवावा, एवढे माझे आवर्जून सांगणे आहे. अर्जात नाव ज्या क्रमाने लिहाल त्याच क्रमाने ते मानांकन यादीत येते, म्हणून स्पेलिंगही दोनदा पाहावे.

नांदेडच्या स्पर्धेचे माहितीपत्रक एप्रिलमध्ये मिळाले. १४ ते १८ मे, स्विस लीग पद्धतीने (कोणी बाद होत नाही, सारखे गुण असलेल्यांच्या जोड्या लावतात) नऊ फेऱ्या, प्रत्येकाला ९० मिनिटे आणि पहिल्या चालीपासून दर चालीला ३० सेकंदांची भर. प्रवेशशुल्क १,८०० रुपये होते. माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिले होते की पट, मोहरे आणि घड्याळ खेळाडूंनी स्वतः आणावे. हे वाचले नसते तर मी रिकाम्या हातानेच गेले असते. १,९५० रुपयांना डिजिटल घड्याळ घेतले आणि त्याची जुळवणी घरी शिकून घेतली. भर असलेल्या घड्याळावर क्लबातल्या मुलांबरोबर बारा डाव खेळले आणि प्रत्येक डाव लिहिला. ३० सेकंदांची भर असते तिथे शेवटपर्यंत चाली लिहाव्याच लागतात. घड्याळात एक मिनिट उरले तरी सूट नसते. माझा हात सुरुवातीला इतका मंद होता की लिहिण्यातच विचाराचा वेळ जाई. एप्रिलअखेर तो सुधारला.

परभणीहून नांदेड रेल्वेने साधारण तासा-दीड तासाचे अंतर आहे, पण सकाळची फेरी साडेनऊला असल्याने रोज ये-जा करण्याची जोखीम घेतली नाही. तरोडा नाक्याजवळ मावशी राहतात, त्यांच्याकडे उतरले. मुक्कामाचा खर्च वाचला. रेल्वे, रिक्षा आणि दुपारचे चहापाणी धरून पाच दिवसांत सातशे रुपये लागले. लांबून मुलांना घेऊन आलेली काही कुटुंबे गुरुद्वाऱ्याच्या यात्री निवासात उतरली होती.

स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. जिथे पंगती बसतात तिथे लांब टेबले लावलेली, दोन्ही भिंतींना कूलर, आणि दारात भ्रमणध्वनी जमा करण्याचे टेबल. खेळताना फोन वाजला तर डाव जातो, एवढे मला माहीत होते. बंद करून पर्समध्ये ठेवलेला फोनही परवानगीशिवाय खेळाच्या जागेत चालत नाही, हे तिथे कळले. उशिरा येणाऱ्याला किती वेळ थांबायचे ते आयोजक ठरवतात. आमच्याकडे पंधरा मिनिटांची मुदत होती आणि पहिल्याच दिवशी दोघांचे डाव त्यात गेले. कोणाचा डाव कोणाशी, हे आदल्या रात्री चेस-रिझल्ट्स या संकेतस्थळावर दिसे. तिथे माझ्या नावापुढे मानांकनाच्या रकान्यात शून्य होते. ते पाहून वाईट वाटून घेऊ नये, सगळ्यांची सुरुवात तिथूनच होते.

पहिल्या फेरीत १६१२ मानांकनाच्या चौदा वर्षांच्या मुलाने मला सव्वा तासात हरवले. दुसऱ्या आणि चौथ्या फेरीत अमानांकित प्रतिस्पर्ध्यांवर विजय मिळाला. तिसरी फेरी हरले. त्या संध्याकाळी वळवाचा पाऊस आला, वीज गेली, आणि पंचांनी सगळी घड्याळे थांबवायला लावली. जनित्र सुरू होईपर्यंत अंधारात कोणीही पटावर हात आणायचा नाही, अशी त्यांनी सूचना केली. पाचव्या फेरीत १४५५ मानांकनाच्या खेळाडूविरुद्ध जिंकले. ज्या डावासाठी हे सारे लिहीत आहे, तो सहाव्या फेरीचा डाव शनिवारी, १७ मेला सकाळी झाला.

समोर अंबाजोगाईचे एक काका होते, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मानांकन १५८०. पांढरे धोतर, कुडता आणि वरच्या खिशात तीन पेन. हस्तांदोलन करताना म्हणाले, “ताई, घड्याळ तुमचं लावू का माझं?” पटाच्या कोणत्या बाजूला घड्याळ ठेवायचे ते पंच ठरवतात. त्यांनी माझेच ठेवायला सांगितले.

काकांनी ई ४ खेळले, मी कारो-कान बचाव (काळ्याची एक ठरलेली सुरुवात) घेतला. तिसऱ्या चालीला त्यांचे प्यादे ई ५ वर आले आणि मी उंट एफ ५ वर बाहेर काढला. चौथ्या चालीला त्यांनी एच ४ खेळले. इथे घाईने ई ६ केले तर पांढऱ्याची जी ४, एफ ३ आणि एच ५ ही प्यादी त्या उंटाला कोंडून मारतात. हे घरी करून ठेवले होते, म्हणून मी एच ५ खेळले. पुढच्या पंधराएक चाली मला समाधान देणाऱ्या होत्या. उंट जी ६ वर स्थिर झाला होता आणि माझी स्थिती काकांपेक्षा वाईट नव्हती.

एकविसाव्या चालीला हातून चूक झाली. काकांचा घोडा जी ३ वर आणि उंट ई २ वर असल्याने माझ्या एच ५ च्या प्याद्यावर दोघांचा मारा होता. मी उंट पुन्हा एफ ५ वर नेण्याचा विचार करीत होते आणि विचार पूर्ण होण्याआधी हात गेला. उंटाच्या टोकाला बोट लागले त्याच क्षणी दिसले की एच ५ चे प्यादे हत्तीबरोबर हाच उंट धरून आहे. तो हलला की प्यादे गेले. मी बोट मागे घेतले. काका काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिले. नियम सरळ आहे: ज्या मोहऱ्याला जाणूनबुजून हात लावला, त्याची कायदेशीर चाल असेल तर तोच खेळावा लागतो. मोहरा घरात नीट बसवायचा असेल तर स्पर्श करण्याआधी ‘ॲडजस्ट’ म्हणायचे असते, आणि तेही आपली चाल असतानाच. मला काही नीट बसवायचे नव्हते. मी उंट एफ ५ वर ठेवला, घड्याळ दाबले, आणि काकांच्या घोड्याने एच ५ चे प्यादे मारले.

त्यानंतरची दहा मिनिटे मी पाणी पिण्यासाठी उठले नाही की इकडेतिकडे पाहिले नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ठरवले की चाल मनात पक्की होईपर्यंत ते वर यायचे नाहीत. सोपा वाटावा असा हा निश्चय आहे, पण क्लबात वर्षानुवर्षे चाली परत घेतलेल्या माणसाला तो पाळणे कठीण जाते.

एक प्यादे कमी असताना प्यादी जमतील तितकी अदलाबदल करून संपवावीत आणि मोहरे राखावेत, असे मी वाचले होते. काकांना नेमके उलटे हवे होते. वजीर गेले, घोडे गेले, दोन्ही बाजूंची प्यादी एकेक करून संपली. साठाव्या चालीच्या सुमारास पटावर दोन राजे, दोन हत्ती आणि पांढऱ्याचे एकच प्यादे उरले. तिसऱ्या चालीला ई ५ वर आलेले तेच प्यादे होते, इतका वेळ जागचे न हललेले.

माझा राजा ई ८ वर होता, काकांचा डी ५ वर, त्यांचा हत्ती एच ७ वर. माझा हत्ती मी ए ६ वर नेला. अठराव्या शतकातील फ्रेंच संगीतकार आणि बुद्धिबळपटू फिलिडोर याच्या नावाने ओळखला जाणारा हा बचाव आहे. हत्तीने सहावी आडवी ओळ अडवून धरायची, म्हणजे पांढऱ्या राजाला त्या ओळीत येता येत नाही. काही करण्यासारखे नसेल तर हत्ती त्याच ओळीत एक घर सरकवायचा आणि पुन्हा परत आणायचा. मी ए ६ वरून बी ६, बी ६ वरून ए ६ असे खेळत राहिले. अशा वेळी उगाच शह देत सुटण्याचा मोह होतो, पण प्यादे पुढे सरकेपर्यंत थांबायचे असते. ते ई ६ वर गेले की पांढऱ्या राजाला त्याच्यापुढे आडोसा उरत नाही. तेव्हा हत्ती तडक पहिल्या ओळीत न्यायचा आणि मागून शह द्यायचे.

सहासष्टाव्या चालीला काकांनी ई ६ खेळले. त्यांच्या घड्याळात दोन मिनिटे होती, माझ्याकडे चार. मी हत्ती ए १ वर नेला. त्यांचा राजा डी ६ वर आला, आणि आता त्यांचा हत्ती एच ८ वर आला की मला मात होती. ही धमकी पटावर प्रत्यक्ष उभी असताना, बचाव पाठ असूनही छातीत धडधडत होते. हत्ती डी १, शह. राजा ई ५. हत्ती ई १, शह. राजा डी ६. हत्ती डी १, शह. राजा ई ५. हत्ती ई १, शह. एकाहत्तराव्या चालीला राजा पुन्हा डी ६ वर आला.

आता हत्ती डी १ वर गेला की तीच स्थिती, तीच पाळी, तिसऱ्यांदा येणार होती. अशा वेळी बरोबरी मागता येते, पण मागण्याची रीत ठरलेली आहे. चाल खेळायची नाही. मोहऱ्याला हातही लावायचा नाही, कारण स्पर्श केला की त्या चालीपुरता मागणीचा हक्क जातो. ती चाल फक्त स्कोअरशीटवर (चाली लिहिण्याच्या कागदावर) लिहायची, घड्याळ थांबवायचे आणि पंचांना सांगायचे की या चालीने स्थिती तिसऱ्यांदा येते. मागणी चुकली तर प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे जादा मिळतात आणि लिहिलेली चाल खेळावी लागते. हत्तीकडे जाणारा उजवा हात मी पेनकडे वळवला. चाल लिहिली. घड्याळाचे मधले बटण दाबले, पंचांसाठी हात वर केला आणि घरी म्हणून म्हणून पाठ केलेले वाक्य बोलले. आवाज कापत होता, पण वाक्य पूर्ण झाले.

पंचांनी दोघांची स्कोअरशीट घेतली आणि शेजारच्या रिकाम्या टेबलावर शेवटच्या चाली मांडून पाहिल्या. सहा-सात मिनिटे लागली असावीत. चाली ओळीने, वाचता येतील अशा लिहिलेल्या होत्या म्हणूनच ते इतक्या लवकर झाले. काकांच्या कागदावर एक चाल राहून गेली होती, ती त्यांनी माझ्या कागदावरून भरून घेतली. मग पंच म्हणाले, “मागणी बरोबर आहे. अर्धा-अर्धा गुण.” दोघांनी दोन्ही कागदांवर निकाल लिहून सह्या केल्या. मूळ प्रत पंचांनी ठेवून घेतली, कार्बनची प्रत मला मिळाली. घड्याळात दीड वाजून गेला होता.

बाहेर मांडवाच्या सावलीत काकांनी स्वतःचा पट उघडला. “बरोबरीच होती ही, ताई. चूक माझी आधी झाली,” असे म्हणत त्यांनी अठ्ठावन्नाव्या चालीची स्थिती मांडली. माझा हत्ती सहाव्या ओळीत येण्याआधी त्यांचा राजा तिथे पोहोचू शकत होता, आणि तसे झाले असते तर बचाव कितीतरी अवघड होता. आम्ही ते दोन-तीन प्रकारे खेळून पाहिले. मग मी न राहवून विचारले की उंटाला माझे बोट लागले तेव्हा तुम्ही पंचांना का बोलावले नाही. ते म्हणाले, “तुम्ही त्यालाच हलवणार, हे दिसत होतं की.” माझ्या मुलाला आणि क्लबातल्या प्रत्येकाला मी हे वाक्य सांगितले आहे.

आणखी एक गोष्ट मला नंतर समजली. मानांकित खेळाडूचा अमानांकिताशी झालेला डाव त्याच्या मानांकनात धरला जात नाही. माझ्याशी जिंकून काकांना एकही मानांकन गुण मिळणार नव्हता, आणि बरोबरीने एकही जाणार नव्हता. तरी ते एका प्याद्यासाठी चार तास बसले होते.

दुपारच्या फेरीत मी थकलेली होते आणि १५४७ मानांकनाच्या मुलीकडून हरले. जेवण घाईने उरकून लगेच बसले, हे चुकले. डाव लांबला की ताक-भात, दशमी असे हलके खाऊन दहा मिनिटे डोळे मिटून पडावे. शेवटच्या दिवशी एक हार, एक जीत. नऊपैकी साडेचार गुण झाले.

पहिले मानांकन कसे ठरते हे बऱ्याच जणांनी विचारले, म्हणून हिशेब देते. मानांकित खेळाडूंशी किमान पाच डाव व्हावे लागतात. ते एकाच स्पर्धेत झाले पाहिजेत असे नाही, २६ महिन्यांत मिळून चालतात. मात्र पहिल्याच स्पर्धेत अशा डावांतून शून्य गुण मिळाले तर ती स्पर्धा धरत नाहीत. माझे असे प्रतिस्पर्धी १६१२, १४८९, १४५५, १५८० आणि १५४७ मानांकनाचे होते आणि त्यांच्याविरुद्ध दीड गुण होता. मार्च २०२४ पासूनच्या नियमानुसार यात १८०० मानांकनाचे दोन कल्पित प्रतिस्पर्धी मिळवतात आणि त्यांच्याशी बरोबरी झाली असे मानतात. म्हणजे सात जणांची सरासरी १६१२ आणि सातपैकी अडीच गुण. हे प्रमाण सुमारे ३६ टक्के होते, त्यासाठी फिडेच्या तक्त्यात १०२ वजा होतात. त्याच वेळी मानांकनाची किमान पातळी १००० वरून १४०० केली गेली. त्याखाली हिशेब गेला तर यादीत नाव येत नाही.

यादी दर महिन्याच्या एक तारखेला लागते. १ जून रविवारीच आला. वाचनकक्षात मुलांनी माझ्या फोनवर पाहिले. नाव बरोबर होते, पुढे १५१० हा आकडा होता. मग आठवीतल्या एका मुलीने पटावर ई ५ चे प्यादे मांडले, पांढरी बाजू स्वतःकडे घेतली आणि मला हत्ती ए ६ वर ठेवायला सांगितले.